अस्तित्ववाद आणि आई



अस्तित्ववाद म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. पॅरिसमधला कॅफे, काळा स्वेटर, सिगारेटचा धूर, आणि इकडे आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर काखेत 'आउटसायडर' घेऊन फिरणारा एखादा दाढीवाला. पुस्तक वाचलेलं असो वा नसो, मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला हवं! माणूस जगात एकटा आहे, देव नाही, ठरलेला अर्थ नाही, निवड आपली आपणच करायची आणि जबाबदारीही आपलीच, एवढं सार पाठ असलं की काम भागायचं. ज्यांना जास्त हवं होतं त्यांनी दि. के. बेडेकरांचं 'अस्तित्ववादाची ओळख' वाचलं. मग नोकरी, व्हिसा, घराचे हप्ते वगैरे सुरू झालं आणि विषय मागे पडला.

गेल्या दोनेक वर्षांत मी ही पुस्तकं पुन्हा काढली. त्यामागे काही मोठा हेतू नव्हता, मुलं कॉलेजला गेली आणि संध्याकाळ मोकळी झाली इतकंच. पण या वयात वाचताना एक गोष्ट वारंवार समोर आली, जी विशीत अजिबात दिसली नव्हती. एकट्या, स्वतंत्र, कोणाशी बांधील नसलेल्या माणसाच्या या साहित्यात जिथे जिथे खरा पेच येतो, तिथे तिथे एक आई बसलेली आहे. (आईचं अनेकवचन करायला गेलं की मराठीत अडचण होते. 'आया' म्हटलं की मुलं सांभाळणारी बाईच आठवते. असो.) त्या आयांचाच हा थोडा इतिहास. काळ साधारण १९४२ ते १९६४, आणि गावं दोन, पॅरिस आणि अल्जिअर्स.

सुरुवात 'आउटसायडर'पासूनच करायला हवी. अल्बेर कामूची ही कादंबरी १९४२ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक मर्सो हा अल्जिअर्समधला एक साधा कारकून. आई गेल्याची तार येते तिथून गोष्ट सुरू होते. आई ऐंशी किलोमीटरवर मारेंगो गावच्या वृद्धाश्रमात होती, कारण तिच्या देखभालीला बाई ठेवण्याइतका त्याचा पगार नव्हता. शेवटच्या वर्षात तो फारसा भेटायला गेला नाही. गेलं की रविवार मोडायचा, तिकीट काढायचं, दोन तासांचा प्रवास करायचा. विशीत हे वाचताना मर्सो मला भलताच थंड माणूस वाटला होता. आता डेट्रॉइटहून सांगलीला पोचायला दीड दिवस लागतो आणि वर्षाला मोजून तीन आठवडे रजा मिळते, तेव्हा त्या दोन तासांकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

पुढे मर्सो समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळ्या घालतो. खटला उभा राहतो तो खुनाचा. पण कोर्टात विचारलं काय जातं? आईचं शेवटचं दर्शन घेतलंस का, प्रेताजवळ बसून दूध घातलेली कॉफी प्यायलास का, सिगारेट ओढलीस का, रडलास का. सरकारी वकील त्यावरच त्याला फाशीच्या तक्त्यापर्यंत नेतो (फ्रान्सच्या राज्यात तो गिलोटिन होता). कामूनं पुढे १९५५ साली अमेरिकन विद्यापीठांसाठीच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, तिचा मथितार्थ असा की आपल्या समाजात आईच्या अंत्यविधीला न रडणारा माणूस मृत्युदंडाला पात्र ठरू शकतो, आणि मर्सोचा गुन्हा म्हणजे तो खोटं नाटक करायला तयार नाही. आपल्याकडे 'चार लोक काय म्हणतील' हे कोर्ट बाराही महिने भरलेलं असतं, त्यामुळे मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

मेलेल्या अरबाला मात्र कादंबरीत नावसुद्धा नाही. या गोष्टीवर अनेकांनी बोट ठेवलं. सगळ्यात चांगलं उत्तर अल्जीरियाच्याच कामेल दाऊदनं २०१३ साली एक अख्खी कादंबरी लिहून दिलं. तिचा निवेदक त्या मेलेल्या माणसाचा धाकटा भाऊ आहे, मेलेल्याचं नाव मुसा आहे, आणि त्यालाही एक आई आहे. कामूकडची आई पहिल्या पानालाच गेलेली असते, दाऊदकडची आई जिवंत आहे आणि मुलाचं प्रेतही न मिळाल्यानं आयुष्यभर उरलेल्या मुलाला त्या मृत्यूला जुंपून ठेवते. एका आईसाठी न रडण्यावरून कोर्टात दिवसेंदिवस खल झाला आणि दुसरीकडे कोणी बघितलंही नाही, हे दाऊद वाचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांच्या आलं होतं?

आता पॅरिस. २९ ऑक्टोबर १९४५. युद्ध संपून जेमतेम काही महिने झालेले. जाँ-पॉल सार्त्रचं 'अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे' हे व्याख्यान त्या दिवशी झालं. गर्दी इतकी की खुर्च्या मोडल्या, माणसं चक्कर येऊन पडली. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाला! त्यात सार्त्रनं आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली, जी आज जगभर नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवतात. त्या मुलाचा थोरला भाऊ १९४० च्या जर्मन चढाईत मारला गेला होता. वडिलांचं आईशी बिनसलेलं, आणि वडिलांचा कल जर्मनांशी जुळवून घेण्याकडे. आई या एका मुलाच्या जिवावर जगत होती. मुलासमोर पेच असा, की इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत सामील व्हायचं, की आईजवळ राहायचं?

सार्त्रनं हा पेच फार नेमका मांडला आहे. आईजवळ राहिलं तर प्रत्येक कृतीचा उपयोग नक्की, पण तो एकाच माणसाला. गेलं तर उद्देश केवढा तरी मोठा, पण त्यातून काय निघेल याची खात्री नाही. वाटेत स्पेनमधल्या छावणीत अडकून पडेल, किंवा पोचलाच तर एखाद्या कचेरीत फॉर्म भरायला बसवतील. हे वाचताना मी मोठ्यानं हसले. 'मोठ्या' कामासाठी देश सोडून कचेरीत फॉर्म भरत बसलेल्यांची जमातच आहे आपली. अर्थात आपल्यातला कोणी हिटलरशी लढायला आलेला नाही, हेही तितकंच खरं.

मग सार्त्र म्हणतो की धर्म इथे उत्तर देत नाही, कांटही देत नाही. शेजाऱ्यावर प्रेम कर म्हणायचं, तर शेजारी कोणता, आई की सैनिक? भावनेवर विसंबावं, तर आईवर किती प्रेम आहे हे तिच्याजवळ राहिल्यावरच सिद्ध होणार, आधी ते मोजायला माप नाही. सल्ला घ्यायला जायचं, तर कोणाकडे जायचं हे ठरवतानाच अर्धा सल्ला ठरलेला असतो. (हे शंभर टक्के पटलं. परत जावं का, हे मी नेहमी परत न गेलेल्या मैत्रिणींनाच विचारते.) तेव्हा सार्त्रचं त्या मुलाला उत्तर असं की तू स्वतंत्र आहेस, निवड कर, तुझा मार्ग तूच घडव. मुलानं पुढे काय केलं हे व्याख्यानात येत नाही.

माझा आक्षेप उत्तराला नाही. या एवढ्या विवेचनात त्या आईला कोणी काही विचारल्याचं दिसत नाही, हा माझा आक्षेप आहे. ती पारड्यात ठेवलेलं वजन आहे, बोलणारं माणूस नाही. थोरला मुलगा गमावलेल्या बाईला धाकट्यानं लढावं असं वाटत असेल का, वाटत असेल तर ती ते बोलू शकत होती का? स्वातंत्र्य काय ते मुलाला. आईच्या वाट्याला नुसतं वाट बघणं.

खुद्द सार्त्रचं स्वतःचं काय? हा भाग मला कॉलेजात कोणी सांगितला नव्हता. वडील तो सव्वा वर्षाचा असताना गेले. आईनं, आन-मारीनं, पुढे दुसरं लग्न केलं. सावत्र वडील १९४५ च्या जानेवारीत वारले आणि १९४६ पासून हा चाळिशी ओलांडलेला, जगप्रसिद्ध, बंधनमुक्तीचा तत्त्वज्ञ रू बोनापार्तवरच्या ४२ नंबरच्या घरात आईबरोबर राहायला लागला. चांगला पंधरा वर्षांहून जास्त काळ! आपल्याकडे असतं तर 'आईवेडा' म्हणून सोडून दिलं असतं. मला हे वाचून सार्त्र जरा जवळचा वाटला, हे कबूल करते.

कामूचं बालपण याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं. तो १९१३ साली अल्जीरियात जन्मला. वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील पहिल्या महायुद्धात मार्नच्या लढाईत जखमी होऊन वारले. इस्पितळानं विधवेला त्यांच्या डोक्यातून निघालेले तोफगोळ्याचे तुकडे पाठवून दिले आणि ते घरात बिस्किटांच्या डब्यात राहिले. आई कॅथरिन मूळच्या स्पॅनिश कुटुंबातली. तिला ऐकायला कमी यायचं, बोलणं तुटक, लिहिता-वाचता येत नव्हतं. ती लोकांच्या घरची धुणी-भांडी-साफसफाई करायची. अल्जिअर्सच्या बेलकूर नावाच्या गरीब वस्तीत आजीच्या धाकात हे कुटुंब दाटीवाटीनं राहायचं. लुई जर्मेन नावाच्या प्राथमिक शिक्षकानं घरी येऊन आजीची समजूत घातली म्हणून पोराचं शिक्षण पुढे झालं. नोबेल मिळाल्यावर कामूनं या गुरुजींना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, त्यात तो सांगतो की बातमी कळल्यावर आधी आईची आठवण झाली आणि मग तुमची.

क्षयामुळे १९४२ च्या उन्हाळ्यात कामू हवापालटासाठी फ्रान्सच्या डोंगराळ भागात, शाँबों-सुर-लिन्योंजवळच्या ल पानलिए या ठिकाणी गेला. बायको शिक्षिका, ती शाळेसाठी अल्जीरियाला परतली, तोही मागोमाग जाणार होता. पण ८ नोव्हेंबरला दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरलं, ११ तारखेला जर्मनांनी दक्षिण फ्रान्स ताब्यात घेतला आणि समुद्र बंद. बायको, आई, घर सगळं पलीकडे, आणि हा अलीकडे, जवळजवळ दोन वर्षं. त्याच पठारावर आंद्रे त्रोकमे या पाद्र्याच्या आणि इतरांच्या पुढाकारानं गावकरी हजारो ज्यूंना घरांत, शेतांत लपवत होते. (१९९० साली इस्राएलच्या याद वाशेमनं या अख्ख्या परिसराचा गौरव केला.) कामूला त्यातलं नेमकं किती ठाऊक होतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण 'प्लेग' या कादंबरीचं बरंचसं लिखाण तिथे झालं आणि १९४७ साली ती आली. ओरान शहराचे दरवाजे बंद होतात, पत्रं बंद, संसर्गाची भीती म्हणून. राहते फक्त तार, आणि वर्षानुवर्षांचं प्रेम दहा शब्दांत कोंबावं लागतं. आतले आत, बाहेरचे बाहेर.

२०२० साली २२ मार्चला भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली तेव्हा आपण सगळ्यांनी ही कादंबरी पुन्हा शोधली असणार. मी शोधली. आमच्या ओळखीत त्या वर्षी दोघांनी आईचे अंत्यसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहिले. एकानं नंतर सांगितलं की मधेच नेट गेलं आणि परत आलं तेव्हा सगळं झालं होतं. तो रडला नाही. त्याच्यावर खटला भरणारं कोणी नव्हतं, पण तो स्वतःच अजून भरतोय.

'प्लेग'मध्ये रांबेर नावाचा एक पत्रकार आहे. तो ओरानचा नाही, कामासाठी आला आणि अडकला, प्रेयसी पॅरिसला. तो पळून जायची खटपट करतो, आणि डॉक्टर रिओ त्याला अडवत नाही की दोष देत नाही. सुखाची निवड करण्यात गैर काही नाही असंच डॉक्टरचं मत. शेवटी सुटायची वेळ येते तेव्हा रांबेर आपणहून थांबतो. आणि रिओच्या घरात कोण आहे? त्याची आई. बायको साथ सुरू होण्याआधीच दूर आरोग्यधामात गेली आहे आणि ती तिकडेच वारते. आई मुलाकडे येऊन राहिली आहे, फार बोलत नाही, खिडकीशी बसते. कामूची आई जशी बसायची तशी.

यानंतर सार्त्र-कामू भांडण (१९५२) येतं, त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी टाळते. रशियातल्या छावण्या, क्रांती, हिंसा यांवरून मैत्री तुटली, ती कायमची.

खरा घाव पुढे बसला. १ नोव्हेंबर १९५४ ला अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. कामू हा तिथल्या गोऱ्या रहिवाशांपैकी, पण १९३९ सालीच त्यानं कबिली भागातल्या उपासमारीवर लेखमाला लिहून फ्रेंच कारभाराचे वाभाडे काढले होते. २२ जानेवारी १९५६ ला त्यानं अल्जिअर्समध्ये सभा घेऊन एवढंच मागितलं की दोन्ही बाजूंनी निदान नि:शस्त्र लोकांना मारू नये. बाहेर गोऱ्या लोकांचा जमाव त्याच्याच मरणाच्या घोषणा देत होता. यानंतर तो या विषयावर जाहीर बोलायचा जवळजवळ थांबला. मृत्युदंड झालेल्या अनेक अल्जीरियनांसाठी मात्र दयेची पत्रं गुपचूप लिहीत राहिला.

१९५७ च्या डिसेंबरात नोबेल घ्यायला तो स्टॉकहोमला गेला. १२ तारखेला विद्यार्थ्यांसमोर बोलताना एका अल्जीरियन तरुणानं त्याला धारेवर धरलं. पूर्व युरोपासाठी एवढं बोलता, मग अल्जीरियावर गप्प का? कामूच्या उत्तराचा आशय असा होता: आत्ता अल्जिअर्सच्या ट्रामगाड्यांत बॉम्ब ठेवले जाताहेत, माझी आई त्यातल्या एखाद्या ट्राममध्ये असू शकते, आणि याला न्याय म्हणत असाल तर मी आईची बाजू घेतो. हे अतिशयोक्त नव्हतं. त्याच वर्षी जून महिन्यात थांब्यांजवळच्या दिव्याच्या खांबांत ठेवलेले बॉम्ब फुटले होते. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'ल मोंद'मध्ये बातमी आली आणि बघता बघता वाक्याचं रूपांतर 'न्याय की आई, तर आई' असं झालं. पॅरिसच्या डाव्या मंडळींनी त्याची टर उडवली. साम्राज्यवाद्याचा मातृमोह! कामूनं 'ल मोंद'ला पत्र लिहिलं, त्यात वाक्य मागे घेतलं नाही. उलट म्हणाला, अल्जीरियाबद्दल काही माहिती नसताना बोलणाऱ्या पुष्कळ फ्रेंचांपेक्षा तो तरुणच मला जवळचा वाटतो.

इथे मी कामूच्या बाजूनं आहे, पण पूर्ण नाही. आई ट्राममध्ये आहे हा मुद्दा खरा आहे. पण डोंगरातल्या गावांवर फ्रेंच लष्कराच्या कारवाया चालू होत्या, माणसांना पकडून छळ होत होता, तिथेही आया होत्याच. कामूला हे कळत नव्हतं असं नाही. तरी आपली आई ही 'आई' आणि दुसऱ्याची आई हा 'प्रश्न', हे अंतर त्यालाही पूर्ण ओलांडता आलं नाही. कोणाला येतं?

सार्त्रनं स्वातंत्र्ययुद्धाची बाजू उघड घेतली, १९६० साली १२१ जणांच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्याचा परिणाम काय झाला बघा. ज्या इमारतीत तो आईबरोबर राहायचा तिथे अल्जीरिया फ्रेंचच राहावा म्हणणाऱ्या ओएएस या संघटनेनं १९६१ आणि १९६२ साली दोनदा बॉम्बस्फोट केले. म्हणजे न्यायाची निवड केली तरी बॉम्ब आईच्या दारात आलाच. कोणी मेलं नाही हे नशीब.

सिमोन द बोव्हारबद्दल न लिहिता पुढे जाणं बरोबर नाही, कारण या सगळ्यांत मुलगी ती एकटीच. १९६३ च्या शरदात ती रोमला असताना आई न्हाणीघरात पडल्याचा फोन आला. (हा फोन कसा असतो ते आपल्याला माहीत आहे.) मांडीचं हाड मोडलं म्हणून दाखल केलं, आणि निघाला कॅन्सर. जवळजवळ महिनाभर सिमोन आणि बहीण एलेन पाळीपाळीनं उशाशी होत्या. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. आईला पेरिटोनायटिस सांगितला आणि बरी होतेस असं भासवत राहिले. खरेपणावर, अप्रामाणिक जगण्यावर आयुष्यभर लिहिलेली बाई रोज आईशी खोटं बोलत होती, आणि 'अगदी सुखाचं मरण' या अर्थाचं नाव दिलेल्या १९६४ च्या छोट्या पुस्तकात तिनं ते जसंच्या तसं लिहून ठेवलंय. त्यातच ती हेही नोंदवते की खासगी दवाखाना, नर्स, मुली जवळ, म्हणून हे मरण सुखाचं. सरकारी वॉर्डात पडद्यामागे मरणाऱ्या म्हाताऱ्यांचं तसं नसतं. माझ्या मते अस्तित्ववादी साहित्यातलं हे सगळ्यात प्रामाणिक पुस्तक आहे, आणि सगळ्यात कमी वाचलेलं.

आपण 'श्यामची आई'वर वाढलेली माणसं. श्यामही शिकायला बाहेर होता आणि पोचला तेव्हा आई गेली होती, पण तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही, दु:ख आहे आणि भक्ती आहे. हे फ्रेंच लोक भक्ती बाजूला ठेवून हिशेब मांडायला बसले, म्हणून कधी कधी निष्ठुर वाटतात.

मी सुरुवातीला म्हटलं की आईला कोणी विचारत नाही. एका ठिकाणी विचारलंय. कामू ४ जानेवारी १९६० ला विलब्लव्हँ गावाजवळ मोटार अपघातात गेला, वय ४६. गाडीजवळ सापडलेल्या बॅगेत 'पहिला माणूस' या अपुऱ्या कादंबरीची १४४ हस्तलिखित पानं होती. ती १९९४ साली त्याच्या मुलीनं प्रसिद्ध केली. त्यात फ्रान्समध्ये स्थायिक झालेला चाळिशीचा नायक अल्जिअर्सला आईकडे येतो. खाली रस्त्यावर बॉम्ब फुटतो. घाबरलेल्या आईला तो म्हणतो, माझ्याबरोबर फ्रान्सला चल. ती मान हलवते. तिकडे थंडी असते, आता वय झालं, मला घरीच राहायचंय.

माझी आई ८२ वर्षांची आहे, सांगलीत एकटी असते. भाऊ मेलबर्नला. दोनदा सहा-सहा महिने येऊन राहिली आहे इथे. कायमची ये म्हटल्यावर म्हणाली, "तुमच्याकडे खिडकीतून माणूस दिसत नाही गं." थंडीचं नाव तिनंही घेतलं, पण नंतर.

कामूच्या हस्तलिखितावर अर्पणपत्रिका आहे, ती हे पुस्तक कधीच वाचू न शकणाऱ्या आईला. मुलाच्या मागे ती आठ-नऊ महिने जगली आणि १९६० च्या सप्टेंबरात, अल्जिअर्समध्येच वारली.